कागद कुणाच्या नावावर?

(महिला दिनानिमित्त नगरमध्ये झालेल्या मेळाव्यात ‘स्थलांतर आणि स्त्रिया’ या सत्रात एका शिक्षिका-कार्यकर्तीने केलेलं भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे. – संपादक मंडळ)

‘स्थलांतर आणि स्त्रिया’ या विषयावर बोलाल का, असं मला विचारलं तेव्हा विचारणाऱ्या मैत्रिणीच्या मनात ऊसतोडीच्या बायका असणार. ते साहजिकच आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. १९९८ साली नोकरीला लागले आणि त्यातली बरीच वर्षं पाथर्डी तालुक्यात काढली. दसरा उलटला की वर्ग कसा रिकामा होत जातो ते मी वर्षानुवर्षं पाहिलंय. आज एका टोळीचा ट्रक निघाला, उद्या दुसरीचा. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडते तेव्हा निम्मा वर्गही समोर नसतो. त्याबद्दल मी बोलणारच आहे. पण त्याआधी मला माझ्या स्वतःच्या घरातली गोष्ट सांगायची आहे. बिऱ्हाड अमेरिकेला हलवायचं की नाही, हा प्रश्न २०१३ साली आमच्या घरात आला होता.

हे सांगताना संकोच वाटतो. समोर बसलेल्या कितीतरी जणींपुढे पोट भरायला कुठे जायचं हा प्रश्न आहे, आणि मी अमेरिकेचं रडगाणं गातेय असं वाटेल. पण आपल्या संघटनेत आपण एक शिकलो, की बाईच्या घरातली गोष्ट खाजगी म्हणून झाकून ठेवली की ती सुटत नाही. शिवाय आता नगरच्या सावेडीत, संगमनेरात, लोणीत, राहुरीत अशी घरं कमी नाहीत. मुलगा पुण्यात नोकरीला लागतो, तिथून अमेरिकेला जातो. त्याच्यामागून एक बाई जाते. तिच्याबद्दल आपण फारसं बोलत नाही. ‘नशीब काढलं पोरीनं’ म्हणतो आणि विषय संपवतो.

माझा नवरा पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. आठवडाभर पुण्यात, शनिवारी रात्री नगरला. घरी सासूबाई, बारा वर्षांची मुलगी आणि मी. एप्रिल २०१३मध्ये त्याचं नाव अमेरिकेसाठी पाठवलं गेलं. एच-१बी नावाचा व्हिसा असतो, त्याला दर वर्षी ठरावीक जागा असतात. अर्ज जास्त आले की चिठ्ठ्या टाकल्यासारखी नावं काढतात. त्या वर्षी तशी काढली आणि त्याचं निघालं. काम ऑक्टोबरपासून. गाव कोलंबस, राज्य इंडियाना. तीन वर्षं, आणि पुढे आणखी तीन वाढवता येणार.

कोलंबस म्हणजे न्यूयॉर्क किंवा शिकागो नव्हे. अमेरिकेच्या मधल्या भागात मक्याच्या आणि सोयाबीनच्या शेतांमध्ये वसलेलं छोटं शहर. २०१०च्या जनगणनेत लोकसंख्या चव्वेचाळीस हजार. म्हणजे आपल्या संगमनेरहूनही लहान. पण पुण्याच्या इंजिनिअर मंडळींना ते नाव चांगलं माहीत. डिझेल इंजिनं बनवणाऱ्या कमिन्स कंपनीचं ते मूळ गाव. १९६२ साली पुण्यात किर्लोस्कर कमिन्स सुरू झाली, तेव्हापासून ही ये-जा आहे. कर्वे संस्थेनं १९९१ साली पुण्यात मुलींसाठी इंजिनिअरिंग कॉलेज काढलं, त्याला जे कमिन्सचं नाव आहे ते याच कंपनीचं. माझा नवरा त्या कंपनीत नव्हता, पण तो ज्यांचं काम करणार होता ते त्याच गावात होते.

बातमी आली त्या रविवारी घरात पेढे आले. दीर-जाऊ चिंचवडहून आले. शेजारच्या काकू आल्या. प्रत्येकानं मला एकच प्रश्न विचारला, ‘कधी निघणार?’ निघणार का, असं कुणीही विचारलं नाही. नवऱ्यानंही नाही. तो वाईट माणूस आहे असं कुणी समजू नका. त्यानं माझ्या बैठकांना कधी आड येणं केलं नाही. पोलीस चौकीत एखाद्या बाईबरोबर रात्री थांबावं लागलं तर मुलीला जेवू घालून झोपवणारा नवरा आहे तो. पण त्याच्याही मनात हा प्रश्न आला नाही. नवरा जिथे, तिथे बिऱ्हाड, हे इतकं मुरलेलं असतं की त्यात विचारण्यासारखं काही आहे असं वाटतच नाही. खरं सांगायचं तर त्या दिवशी मलाही वाटलं नाही. मीही पेढे वाटले.

माझ्या डोक्यात पहिली घंटा वाजली ती कागद भरताना. माझ्या व्हिसाचं नाव एच-४. मी फोनवर विचारलं, मी तिथे काय करू शकेन? पलीकडचा मुलगा सौजन्यानं म्हणाला, ‘मॅडम, तुम्ही डिपेंडंट.’ म्हणजे अवलंबून असलेली. मी तेव्हा पंधरा वर्षं नोकरी केलेली बाई. घरखर्चाचा अर्धा भाग माझ्या पगारातून चालायचा, घराच्या कर्जाच्या कागदावर माझीही सही होती. तिथे मात्र मला एक दिवस पगारी काम करायची परवानगी नव्हती. शाळेत नाही, दुकानात नाही, कुणाची मुलं सांभाळायचीही नाही. आणि मी तिथे राहणार ती नवऱ्याचा व्हिसा आहे तोवर, आणि त्याची बायको आहे तोवर. त्याची नोकरी गेली तर माझं राहणं गेलं. घटस्फोट झाला तरी गेलं.

मग इथली बाजू तपासली. पंधरा वर्षं सेवा झालेल्या माणसानं राजीनामा दिला तर मागची सगळी सेवा पेन्शनच्या हिशेबातून जाते. स्वेच्छानिवृत्ती घ्यायची तर वीस वर्षं पूर्ण लागतात. मला पाच कमी होती. आणि १ नोव्हेंबर २००५ नंतर जे नोकरीला लागले त्यांना जुनी पेन्शन नाही. मी आधी लागलेली, म्हणून मला होती. आज सोडली तर पुन्हा कधी मिळणार नव्हती. लांबची बिनपगारी रजा मंजूर होईल याची कुणी हमी देईना.

मी टाचणवहीच्या शेवटच्या पानावर चार रकाने आखले. नवरा, मुलगी, सासूबाई आणि मी. नवऱ्याच्या रकान्यात खूप काही आलं. मोठं काम, अनुभव, डॉलरमधला पगार. त्या ऑगस्टमध्ये रुपया घसरला आणि डॉलर अडुसष्टच्या आसपास गेला. दीर फोनवर म्हणाले, ‘वहिनी, बसल्या जागी पगार वाढला की!’ मुलीच्या रकान्यात शाळा, इंग्रजी, मोकळं जग. सासूबाईंच्या रकान्यात काय लिहावं कळेना, कारण या व्हिसाच्या हिशेबात कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि एकवीस वर्षांखालची मुलं. सासू त्यात बसत नाही. त्यांचे गुडघे गेलेले. त्यांनी चिंचवडला दोन खोल्यांत जाऊन राहायचं, असं परस्पर ठरलं होतं. त्यांनाही कुणी विचारलं नव्हतं. माझ्या रकान्यात मी ‘मुलीचं भलं’ असं लिहिलं आणि खोडलं. ते मुलीच्या रकान्यात आधीच लिहिलेलं होतं. बाकी रकाना कोराच राहिला.

त्याच ऑक्टोबरमधली गोष्ट. चौथीतल्या एका मुलीची आई शाळेत आली. मुलीला घेऊन जायला. मी नेहमीसारखं बोलू लागले, मुलगी हुशार आहे, मागे ठेवा, हंगामी वसतिगृहाची सोय करू. ती ओसरीवर टेकली आणि म्हणाली, ‘बाई, मला कुठं इचारलं? उचल घेऊन आल्यावर कळलं. कोयता दोघांचा असतो, मग जावंच लागतं.’

तुमच्यातल्या ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. ऊसतोडीत नवरा आणि बायको मिळून एक कोयता धरतात. बाई एकटी असली तर अर्धा कोयता. गाळप हंगामाआधी मुकादम नवऱ्याच्या हातात उचल देतो. फेड दोघांनी तोडलेल्या उसातून होते. तो तोडतो, ती मोळ्या बांधते, डोक्यावरून नेऊन गाडी भरते, आणि कोपीवर येऊन भाकरी थापते. हिशेबाच्या वहीत तिचं नाव नसतं. जिल्ह्याच्या उत्तरेला आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला याचा आपल्याला अभिमान आहे. पण दक्षिणेकडच्या कोरड्या तालुक्यांतून आणि शेजारच्या बीडमधून जाणाऱ्या बाईचा तिथे स्वतंत्र हिशेब कधी झाला नाही. तिच्या शरीराची किंमत काय लागते, ते २०१९ साली बीडमधल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची सरकारी समितीमार्फत चौकशी झाली तेव्हा सगळ्या राज्याला कळलं. आपल्याला ते आधीपासून दिसत होतं.

तर ती बाई उठता उठता म्हणाली, ‘तुम्हीबी चालल्या म्हनं अमेरिकेला. तुमच्या मालकानं उचल घेतली का?’

ती थट्टेत म्हणाली. मी पण हसले. आणि रात्रभर मला झोप लागली नाही.

तिचं आणि माझं एक नाही, हे मला कळतं. तिच्या घरात दिवाळीनंतर ज्वारी उरत नाही, माझ्या घरात पोती होती. ती नाही म्हणाली तर चूल विझते. मी नाही म्हणाले तर फारतर नातेवाईक नाराज होतात. पण एक सारखं होतं. जोडीचा सौदा एकाच्या नावावर झाला होता आणि दुसरीनं निघायचं होतं. तिच्याकडे मुकादमाची वही, माझ्याकडे व्हिसा.

मी नवऱ्याशी बोलले. त्याला पहिल्यांदा राग आला. ‘मी काय एकट्यासाठी करतोय का?’ असं म्हणाला. ते खरंच होतं. तो एकट्यासाठी करत नव्हता. पण एकट्यानं ठरवत होता. आठ-दहा दिवस अबोल्यात गेले. मग त्यानंच तोड काढली. तो एकटा पुढे जाईल, मी उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलीला घेऊन येईन, बघेन, आणि मग दोघं मिळून ठरवू. तसं झालं. सासूबाई नगरच्या घरीच राहिल्या. त्यांना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘मला माझ्या तुळशीपाशी राहू द्या.’

मे २०१४मध्ये आम्ही मायलेकी कोलंबसला गेलो. सहा आठवडे राहिलो. तिथलं वाईटच सांगायला मी उभी नाही. गाव देखणं आहे. मोठमोठ्या वास्तुकारांनी तिथे शाळा, चर्च, बँका बांधल्यात, आणि सार्वजनिक इमारतींसाठी वास्तुकारांची फी भरायची योजना कमिन्सच्याच प्रतिष्ठाननं चालवली. एका लाल विटांच्या वाचनालयात मुलगी रोज जायची. तिथे कुणी तिला ‘कुणाची गं तू’ असं विचारलं नाही. पुस्तकं मिळाली. रात्री नऊपर्यंत उजेड असायचा आणि आम्ही दोघी चालत फिरायचो, कुणी वळून बघत नव्हतं. हे बाईला केवढं वाटतं ते तुम्हाला सांगायला नको.

आमच्या इमारतींच्या आवारात मराठी, तेलुगू, तमिळ बायका बऱ्याच होत्या. दुपारी मुलांना घेऊन झाडाखाली बसायच्या. एक संगमनेरकडची, बी.फार्म. झालेली. एक औषधांच्या दुकानात नोकरी करून आलेली, दोघी इंजिनिअर. त्यांचंही मी ऐकलं. एक म्हणाली, ‘ताई, सासरी मला दारात उभं राहायची चोरी होती. इथे मी गाडी शिकले. नवरा भांडी घासतो.’ ती खोटं बोलत नव्हती. एकत्र कुटुंबाचा काच सुटणं ही लहान गोष्ट नाही, आणि आपण कार्यकर्त्यांनी ती हलक्यानं घेऊ नये. पण तीच पुढे म्हणाली, ‘दिवस जात नाही हो. मी कोण होते तेच विसरायला झालंय.’ बसच्या मोजक्या फेऱ्या. गाडी चालवता येत नसेल तर दुधाची पिशवी आणायलाही नवरा घरी येईपर्यंत थांबायचं. पैसा त्याचा, कार्ड त्याचं. मागितले तर तो देतो. पण मागावे लागतात. इथे पंधरा वर्षं मला मागावे लागले नव्हते.

आणि एक गोष्ट, जी सांगायला मला बारा वर्षं लागली. आवारात कपडे धुण्याची खोली असते, सामायिक यंत्रं. तिथे एका मुलीनं मला गाठलं. ती सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची असेल. मी नगरला संघटनेत आहे असं कुणाकडून तरी तिला कळलं होतं. बाही वर करून तिनं दंड दाखवला. पासपोर्ट नवऱ्यानं कुलपात ठेवलेला. माहेरी फोन करताना तो शेजारी बसतो. ती म्हणाली, ‘ताई, पोलिसांना बोलावलं तर मलाच परत पाठवतील असं हा म्हणतो. खरं का?’

मैत्रिणींनो, नगरमध्ये असते तर मला माहीत होतं काय करायचं ते. कुठल्या चौकीत जायचं, संरक्षण अधिकारी कुठे बसतो, कोण वकील ऐकून घेईल. तिथे मला काहीही माहीत नव्हतं. मी तिला म्हटलं, धीर धर, माहिती काढते. माझा परतीचा दिवस जवळ आला होता. नगरला आल्यावर मी माहिती काढली. शिकागोमध्ये अपना घर नावाची संस्था १९८९पासून अशा बायकांसाठी काम करते, न्यूजर्सीत मानवी १९८५पासून आहे, हे मला घरी आल्यावर कळलं. तिनं दिलेल्या नंबरावर फोन केला तर तो बंद. पुढे तिचं काय झालं मला माहीत नाही. जी माहिती जाण्याआधी एका संध्याकाळी गोळा झाली असती, ती मी केली नव्हती. हे मला अजून टोचतं, आणि मुख्यतः त्यासाठीच मी आज बोलायला उभी आहे.

जुलैमध्ये आम्ही दोघांनी फोनवर ठरवलं. बिऱ्हाड हलवायचं नाही. तो तीन वर्षं पूर्ण करून परत येईल. ऑक्टोबर २०१६मध्ये तो आला. घराचं कर्ज फिटलं. २०१८ला माझी वीस वर्षं पूर्ण झाली.

हे ऐकायला सोपं वाटतं, पण त्याची किंमत पडली. सासूबाईंचं शेवटचं आजारपण मी एकटीनं काढलं, आणि त्यांच्या दहाव्याला जेमतेम तो पोहोचला. मुलीच्या वयात येण्याची तीन वर्षं बाप घरात नव्हता. लोकांनी मला ‘नवऱ्याला एकटं टाकणारी’ म्हटलं. त्यात आपल्या चळवळीतलेही दोघं-तिघं होते. परत आल्यावर त्याला पूर्वीच्या तोडीचं काम मिळायला दोन वर्षं गेली. अजूनही कधी चिडला की म्हणतो, तू आली असतीस तर आज वेगळं असतं. असतं, हे मलाही नाकारता येत नाही. बारावीनंतर मुलगी एकदा म्हणाली, ‘आई, तू तेव्हा हो म्हणाली असतीस तर मी तिकडे शिकले असते.’ मी गप्प बसले. पुढे कळलं, की कायम राहण्याच्या परवान्यासाठी भारतीयांची रांग इतकी लांब आहे, की लहानपणी नेलेली कित्येक मुलं एकवीस वर्षांची होईपर्यंत आईबापांचा नंबर लागत नाही. एकविसाव्या वर्षी मुलाचा एच-४ संपतो. मग दुसरा व्हिसा मिळवा, नाहीतर ज्या देशाची भाषाही धड येत नाही तिथे परत या. माझी मुलगी २०२२ला त्याच दारात उभी राहिली असती. पण हे मला तेव्हा माहीत नव्हतं, म्हणून त्याचं श्रेय मी घेत नाही.

मी ‘नाही’ म्हणाले म्हणून तुम्ही ‘नाही’ म्हणा, असं मी सांगत नाही. कुणाला जाण्यात मोकळीक असेल, कुणाला राहण्यात. बाईनं घर सोडून दूर जाऊच नये असं म्हणणारे आपण नव्हे. आपल्याच नगरला १८३९ साली सिंथिया फरार नावाची अमेरिकन बाई आली. अविवाहित होती. नवऱ्यामागून आली नव्हती, मिशननं तिला स्वतःच्या नावानं शिकवायला पाठवलं होतं. मुलींच्या शाळा चालवल्या, १८६२ला इथेच वारली. सावित्रीबाईंनी अध्यापनाचं शिक्षण तिच्याकडे घेतलं असं सांगतात. मिशनचा हेतू काय होता यावर वाद घाला. पण तिच्या कामाचा कागद तिच्या नावावर होता, हे विसरू नका.

१९८९-९०च्या सुमारास शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्ती म्हणून बायकांच्या नावावर जमीन करायला सुरुवात केली, तेव्हा लोक म्हणायचे, नवरा-बायकोत कागद कशाला? आज सातबारावर नाव लागलेल्या बाईला विचारा कशाला ते. घर, जमीन, उचल, व्हिसा, सगळीकडे प्रश्न तोच. कागद कुणाच्या नावावर?

म्हणून परदेशी निघालेल्या किंवा परदेशी स्थळ आलेल्या मुलीबरोबर बसाल, तेव्हा काही प्रश्न विचारा. कागदावर लिहून विचारा.

पहिला, व्हिसा नेमका कुठला? एल-२वर गेलेल्या बायकोला २००२पासून काम करता येतं. एच-४वर सरसकट नाही. मे २०१५पासून, नवऱ्याचा कायम परवान्याचा अर्ज ठरावीक टप्प्याला पोचला असेल तरच एच-४वरच्या बायकोला कामाचा परवाना मागता येतो. हे नियम बदलतात. सप्टेंबर २०२५मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं आणि एका रात्रीत घरोघरी धांदल उडाली. म्हणून जायच्या वेळचा नियम काय, ते पुन्हा तपासा.

दुसरा, पासपोर्ट, लग्नाचा दाखला, पदवीची प्रमाणपत्रं कुणाजवळ राहणार? मूळ कागद तिच्याजवळ, आणि प्रती माहेरी.

तिसरा, पैसा कुठल्या खात्यात? संयुक्त खातं तिथे, आणि तिच्या एकटीच्या नावाचं इथे. परतीच्या तिकिटाएवढी रक्कम त्यात असलीच पाहिजे.

चौथा, इथली नोकरी, पेन्शन, रजा यांचं काय? राजीनामा देण्याआधी नियम वाचा. सोडलेलं परत मिळतं की नाही, ते विचारा.

पाचवा, मारहाण झाली तर दार कुठलं? तातडीला ९११. पोलिसांना बोलावलं म्हणून परत पाठवतील, ही धमकी असते, ती कायदा म्हणून मानू नका. तिथे २०००च्या कायद्यानं यू व्हिसा आला, अशा गुन्ह्यांना बळी पडून पोलिसांना मदत करणाऱ्यांसाठी. एच-४वरच्या मारहाण सोसणाऱ्या पत्नीला स्वतंत्र कामाचा परवाना मागायचा हक्क २००५च्या कायद्यानं दिला, पण प्रत्यक्ष अर्ज सुरू व्हायला २०१७ उजाडलं. कपडे धुण्याच्या खोलीतल्या त्या मुलीचा हक्क २०१४मध्ये नुसता कागदावर होता. इथे राष्ट्रीय महिला आयोगात परदेशस्थ भारतीयांच्या लग्नांसाठी २००९पासून स्वतंत्र कक्ष आहे. हे पत्ते आणि फोन नंबर आपल्या प्रत्येक गटाच्या वहीत हवेत.

आणि शेवटचा प्रश्न, तिला विचारलं का?

हेच प्रश्न ऊसतोडीच्या टोळीलाही विचारायचे आहेत. उचलीवर तिची सही हवी. तिची मजुरी तिच्या खात्यात हवी. कल्याण महामंडळाच्या ओळखपत्रावर तिचं स्वतंत्र नाव हवं. अर्धा कोयता हा शब्दच गेला पाहिजे. पोटासाठी जाणं आज आपण थांबवू शकणार नाही. पण नाव नसताना जाणं थांबवू शकतो.

माझ्या मुलीसाठी गेल्या वर्षी एक स्थळ आलं. मुलगा ओहायोत. ती आता चोविशीची आहे, पुण्यात नोकरी करते. तिनं त्याला सरळ विचारलं, तुझा व्हिसा कुठला आणि माझं काय होईल? त्याच्या घरच्यांना ते आवडलं नाही. त्या मुलानं मात्र खरी उत्तरं दिली. अजून काही ठरलेलं नाही. ठरवायचं तिनं आहे, आणि आम्ही दोघंही मध्ये पडत नाही.

चौथीतली ती मुलगी त्या हंगामात मागे राहिली. गावातच आजीजवळ, वसतिगृहाच्या जेवणावर. आई गेली, तिला जावंच लागलं. पट्टा पडल्यावर उन्हाळ्यात ती परत आली तेव्हा मुलीचं प्रगतिपत्रक मागायला शाळेत आली. मी तिला सांगितलं, मी नाही गेले अमेरिकेला. ती प्रगतिपत्रक उलटंसुलटं करून बघत होती. म्हणाली, ‘बरं केलं. तुम्हाला इचारलं तरी.’

पुढच्या वेळी तिलाही विचारलं जावं, एवढ्यासाठी आपण जमलो आहोत.